असेंबल केलेल्या संगणकावर नेट लागत नसेल तर : नेटवर्क ड्रायव्हरची अडचण क्रमाने कशी सोडवावी

सुटे भाग आणून घरी असेंबल केलेल्या संगणकावर विंडोज व्यवस्थित चढते, पडद्यावर चित्र येते, आवाजही येतो. उजव्या कोपऱ्यात मात्र नेटच्या जागी पृथ्वीच्या गोलावर बंदीची खूण दिसत राहते. अशा वेळी ‘ड्रायव्हर नाही’, म्हणजे तो भाग विंडोजला चालवता येईल असे सॉफ्टवेअर नाही, एवढे म्हणून माणूस कामाला लागतो आणि हाताला लागेल तो ड्रायव्हर घालून पाहतो. इंदूरमध्ये आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधून भाग निवडून राजेंद्रनगर किंवा सुदामानगरच्या घरी संगणक जोडणारी कॉलेजातली मुले हीच तक्रार घेऊन येतात, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या संगणकात ड्रायव्हरचा काही दोष नसतो. नेट न लागण्याच्या मुळाशी तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात : नेटवर्कची चिप विंडोजला दिसतच नसेल, चिप दिसत असेल, पण तिचा ड्रायव्हर नसेल किंवा चुकीचा असेल, अथवा ड्रायव्हर बरोबर असून पलीकडून नेट येत नसेल. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसण्यात सगळी संध्याकाळ जाते. म्हणून ड्रायव्हर शोधण्याआधी यांपैकी आपली अडचण कोणती, हे ठरवावे. त्याला पाच मिनिटे पुरतात.

आधी डिव्हाइस मॅनेजर पाहावा

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावा आणि ‘नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स’ ही ओळ उलगडावी. तेथे ‘रिअलटेक’, ‘इंटेल’, ‘मीडियाटेक’ असे एखादे नाव असेल आणि त्यावर पिवळी खूण नसेल, तर ड्रायव्हर बसलेला आहे असे समजावे आणि थेट केबल, राउटर व आयपी पत्ता (राउटर संगणकाला देतो तो क्रमांक) यांच्या तपासणीकडे वळावे. तेथे काहीच नसेल, तर खाली ‘अदर डिव्हायसेस’ नावाचा गट आहे का ते पाहावे. ज्या भागांना ड्रायव्हर मिळालेला नाही ते सगळे या गटात प्रश्नचिन्हासह गोळा होतात, आणि इथेच पहिली फसगत होते. ‘इथरनेट कंट्रोलर’ म्हणजे केबलचे लॅन, आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ म्हणजे बहुधा वाय-फाय. मात्र ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ हे नाव कितीही नेटवर्कसारखे वाटले, तरी त्याचा नेटशी संबंध नाही. इंटेलच्या मदरबोर्डावर (यापुढे नुसता ‘बोर्ड’) तो मॅनेजमेंट इंजिनचा, म्हणजे बोर्डाच्या अंतर्गत व्यवस्थापनाचा, भाग असतो. त्यावर लॅनचा ड्रायव्हर घालण्याचा प्रयत्न करणारे लोक दिसतात, आणि विंडोज तो नाकारते तेव्हा बोर्डालाच दोष देतात. ‘एसएम बस कंट्रोलर’ हाही असाच चिपसेटचा, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपचा, भाग आहे. हे दोन्ही चिपसेटचे व मॅनेजमेंट इंजिनचे ड्रायव्हर घातल्यावर मार्गी लागतात, आणि ते नंतर सावकाश घातले तरी चालते.

पिवळी खूण असलेल्या नावावर डबल क्लिक केल्यास ‘जनरल’ या पानावर एक कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. ही सर्वांत सोपी अवस्था. कोड २२ म्हणजे कोणीतरी तो भाग बंद करून ठेवला आहे, तेव्हा ‘एनेबल’ केले की काम होते. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण भाग सुरू होत नाही. हा चुकीच्या ड्रायव्हरमुळे येतो, तसाच बिघडलेल्या चिपमुळेही येतो. कोड ५६ जुन्या डिस्कवर आधीच चढवलेली विंडोज नव्या बोर्डावर चालवली असता कधीकधी आढळतो, आणि त्यामागे बहुधा एखादे व्हीपीएन किंवा नेटवर्कमध्ये मध्यस्थी करणारे सॉफ्टवेअर असते. ते काढून संगणक रीस्टार्ट करावा. नवा ड्रायव्हर शोधत बसू नये.

चिपची ओळख खोक्यावरून नव्हे, क्रमांकावरून करावी

आता मुख्य काम. बोर्डाच्या खोक्यावर ‘गिगाबिट लॅन’ किंवा ‘वाय-फाय ६’ लिहिलेले असते, पण ड्रायव्हर निवडायला ते पुरेसे नाही. एकाच नावाच्या बोर्डाच्या निरनिराळ्या खेपांत निरनिराळ्या कंपन्यांची वाय-फाय कार्डे लावलेली असतात. गिगाबाइटच्या बोर्डांवर एका कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकाजवळ, बारीक पांढऱ्या अक्षरांत ‘रेव्ह’ आणि पुढे १.०, १.१, १.२ असा आकडा छापलेला असतो. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवल्यावर तो कोपरा ग्राफिक्स कार्डाखाली किंवा केबलांखाली दडतो, म्हणून बसवण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवलेला बरा. कंपनीच्या संकेतस्थळावर ड्रायव्हर उतरवताना हाच आकडा निवडायचा असतो.

याहूनही खात्रीचा मार्ग हार्डवेअर आयडीचा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, आणि तेथील यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. जी लांब ओळ दिसते तिच्यात ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढची चार चिन्हे चिप बनवणाऱ्या कंपनीची असतात आणि ‘डीईव्ही’ पुढची चार त्या चिपची. कंपनीचा क्रमांक १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, ८०८६ असेल तर इंटेलची, १४सी३ असेल तर मीडियाटेकची आणि १६८सी असेल तर क्वालकॉम अ‍ॅथेरॉसची समजावी. रिअलटेकच्या पुढे ८१६८ असेल तर ते एक गिगाबिटचे नेहमीचे लॅन, आणि ८१२५ असेल तर २.५ गिगाबिटचे. हा क्रमांक चिप स्वतः सांगते, म्हणून दुकानदाराचे म्हणणे, खोक्यावरची छपाई आणि हा क्रमांक यांत फरक आढळला, तर क्रमांकच खरा मानावा.

एएमडीच्या प्रोसेसरचे बोर्ड घेणाऱ्यांची एक खास गफलत होते. वाय-फायचे नाव ‘एएमडी आरझेड६१६’ असे दिसले की ते एएमडीच्या चिपसेट पॅकेजमध्ये ड्रायव्हर शोधतात. वस्तुतः ते कार्ड मीडियाटेकच्या एमटी७९२२ या चिपचे आहे, आणि त्याचा ड्रायव्हर बोर्डाच्या पानावर वाय-फायच्या सदरात मीडियाटेकच्या नावाने सापडतो. क्रमांक १४सी३ पाहिला असता, तर हा घोळ झालाच नसता.

नेट नसताना ड्रायव्हर आणायचा कसा

ड्रायव्हर आणायला नेट हवे आणि नेट लावायला ड्रायव्हर हवा, हा तिढा सोडवायचा सर्वांत सोपा उपाय खिशातच असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडावा, आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोज १० व ११ मध्ये आधीपासूनच असतो, त्यामुळे थोड्या वेळात संगणकाला नेट मिळते. फक्त चार्जिंगपुरत्या केबलने हे होत नाही. डेटा जाणारी केबल हवी. आयफोनला मात्र अ‍ॅपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो, म्हणून घरात कोणाकडे अँड्रॉइड फोन असेल तर तोच मागून घ्यावा. नेट लागल्यावर ‘विंडोज अपडेट’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि तेथून ‘ऑप्शनल अपडेट्स’ उघडून पाहावे. लॅनचा ड्रायव्हर पुष्कळदा तेथेच तयार असतो. फोनचा रोजचा डेटा विंडोजच्या मोठ्या अपडेटमध्ये संपू नये, यासाठी त्या जोडणीला सेटिंगमध्ये ‘मीटर्ड’ करून ठेवावे.

विंडोज ११ चढवतानाच नेट मागून अडून बसते, तेव्हाही हाच फोन कामी येतो. होम आवृत्ती पहिल्यापासून आणि प्रो आवृत्ती २२एच२ पासून वैयक्तिक वापरासाठी सेटअप करताना नेटशिवाय पुढे जाऊ देत नाही. तेथे शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबल्यास ‘कमांड प्रॉम्प्ट’ची काळी खिडकी उघडते. काही कीबोर्डांवर सोबत एफएन दाबावे लागते. तिच्यातून डिव्हाइस मॅनेजर उघडून पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हर घालता येतो. नेट टाळून पुढे जाण्याच्या ज्या युक्त्या सगळीकडे सांगितल्या जातात त्या मायक्रोसॉफ्ट एकेक करून बंद करत आहे, म्हणून त्यांच्या भरवशावर राहू नये.

फोनचा मार्ग नसेल तर दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर ड्रायव्हर आणावा. बोर्डाच्या कंपनीचे पान हे पहिले ठिकाण. तेथे न मिळाल्यास मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये हार्डवेअर आयडीचा ‘व्हीईएन’ ते ‘डीईव्ही’पर्यंतचा भाग घालून शोधावा. बोर्डासोबत आलेली डीव्हीडी असेल, तरी आजच्या बहुतेक कॅबिनेटांत डीव्हीडी ड्राइव्हला जागाच नसते, आणि तिच्यावरचे ड्रायव्हर बोर्ड कारखान्यातून निघाला त्या वेळचे असतात. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ देणारी पॅकेजे मी कोणाच्याही संगणकावर घालू देत नाही. एका लॅनसाठी ती नको ती चार सॉफ्टवेअरे सोबत घेऊन येतात, आणि पुढे कोड १० आला की तो कशामुळे आला याचा माग लागत नाही.

ड्रायव्हर बसवताना

उतरवलेली फाइल झिप असेल तर ती आधी एका साध्या फोल्डरमध्ये उलगडून घ्यावी. झिपच्या आतूनच सेटअप चालवल्यास त्याला शेजारच्या फाइली सापडत नाहीत, आणि तो काहीतरी गूढ संदेश देऊन बंद पडतो. सेटअप नीट चालला तर पुढे काही करण्याची गरज नाही. तो चालला नाही, किंवा ‘ही चिप सापडली नाही’ असे म्हणाला, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘अपडेट ड्रायव्हर’ आणि ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’ निवडून तो उलगडलेला फोल्डर दाखवावा, आणि आतले फोल्डरही तपासण्याची खूण चालू ठेवावी. विंडोजला खरी गरज आयएनएफ प्रकारच्या फाइलची असते. तीत आपल्या चिपचा क्रमांक असेल, तर ड्रायव्हर बसतो. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून त्यात ‘डीईव्ही’ पुढचा आपला क्रमांक शोधला, तर हा ड्रायव्हर आपल्यासाठी आहे की नाही, हे बसवण्याआधीच कळते.

आधी चुकीचा ड्रायव्हर बसला असेल, तर नुसता नवा वर चढवून भागत नाही. ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करताना ड्रायव्हर काढून टाकण्याच्या चौकटीत खूण करावी, नाही तर पुढच्या वेळी विंडोज तोच जुना ड्रायव्हर पुन्हा उचलते. त्यानंतर संगणक ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करावा. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलेला संगणक पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही, रीस्टार्ट केलेला होतो.

चिपच दिसत नसेल तर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ना ‘इथरनेट कंट्रोलर’, ना ‘नेटवर्क कंट्रोलर’, अशी अवस्था असेल तर ड्रायव्हरचा शोध तेथेच थांबवावा. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन ‘ऑनबोर्ड लॅन’ चालू आहे का, ते पाहावे. तेथेच ‘नेटवर्क स्टॅक’ नावाचा आणखी एक पर्याय असतो. तो नेटवर्कवरून संगणक बूट करण्यासाठी आहे आणि तो बंद असल्याने विंडोजमधले लॅन बंद पडत नाही, तेव्हा त्याला हात लावू नये. लॅन चालू असूनही चिप दिसत नसेल, तर संगणक बंद करून मागचा पॉवर सप्लायचा स्विच बंद करावा, लॅनची केबल काढावी, आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. लॅनच्या चिपला संगणक बंद असतानाही थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे एकदा अडकलेली चिप नुसत्या रीस्टार्टने सुटत नाही. तिची वीज पूर्ण तोडावी लागते. हा उपाय ऐकायला टोटक्यासारखा वाटतो, पण गेलेले लॅन त्याने परत आलेले मी पाहिले आहे.

वाय-फायच्या कार्डाबाबत खरेदीतच चूक होते. इंटेलचे एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डे एम.२च्या खाचेत नीट बसतात, पण त्यांचा निम्मा कारभार इंटेलच्या प्रोसेसरात किंवा चिपसेटमध्ये असतो. एएमडीच्या बोर्डावर ती कधीच दिसणार नाहीत, मग ड्रायव्हर कोणताही घाला. तेथे एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावे लागते. नावात एका आकड्याचा फरक आहे आणि दुकानाच्या काउंटरवर दोन्ही कार्डे शेजारी ठेवली तर ओळखू येणार नाहीत, म्हणून बिल करण्याआधी वरचे लेबल वाचावे. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणाऱ्या वाय-फाय कार्डात वाय-फाय चालते आणि ब्लूटूथ दिसत नाही, अशी तक्रार असेल तर कार्डासोबत आलेली बारीक वायर बोर्डाच्या यूएसबीच्या पिनांना लावायची राहिली आहे.

स्वस्तातले यूएसबी डोंगल पहिल्यांदा लावल्यावर कधीकधी वाय-फाय म्हणून न दिसता सीडीच्या ड्राइव्हसारखे दिसते. तो बिघाड नाही. आत ड्रायव्हर ठेवलेला असतो. तो चालवला किंवा तो ड्राइव्ह ‘इजेक्ट’ केला की डोंगल आपले खरे रूप धारण करते. एकाच आकाराच्या आणि एकाच रंगाच्या डोंगलांत वेगवेगळ्या चिप असतात, तेव्हा येथेही हार्डवेअर आयडीच पाहावा.

ड्रायव्हर बसला, तरी नेट नाही

आता तिसरी शक्यता, आणि इंदूरच्या घरांत मला हीच सर्वांत जास्त आढळते. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ चालवून पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर चिप आणि ड्रायव्हर दोन्ही काम करत आहेत, फक्त राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ असे आले, तर केबल किंवा पोर्ट पाहावे. घरी जोडलेल्या संगणकात याचे एक खास कारण असते. कॅबिनेटच्या मागे पोर्टांभोवती जी पत्र्याची चौकट बसवतात तिला बारीक जिभा असतात, आणि बोर्ड सरकवताना त्यांतली एखादी बाहेर राहण्याऐवजी लॅनच्या भोकात वळते. मग केबल आत जाते, पण ‘टक्’ आवाज येत नाही आणि जरासे ओढले की निघते. मोबाइलच्या उजेडात मागून पाहिल्यास ती चकाकणारी जीभ लगेच दिसते. ती चिमट्याने ओढू नये. आतल्या सोनेरी पिनांना पत्रा लागतो, म्हणून संगणकाची वीज काढून, बोर्ड सैल करूनच ती बाहेर घ्यावी. पोर्टावरचा दिवा लागला, म्हणजे चिपला वीज आहे आणि पलीकडे काहीतरी जोडलेले आहे, एवढेच समजावे. ड्रायव्हर असल्याचा तो पुरावा नव्हे.

केबलवाल्याने क्रिंप करून दिलेल्या जुन्या केबलीत कधीकधी चारच तारा जोडलेल्या असतात. शंभर मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. जुन्या संगणकावर ही केबल वर्षानुवर्षे चाललेली असते आणि नव्यावर चालत नाही, कारण नवे लॅन आणि नवा राउटर आपसांत गिगाबिट ठरवतात आणि उरलेल्या तारा न सापडल्याने जोडणी सारखी तुटते किंवा लागतच नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅनच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ शंभर मेगाबिट फुल डुप्लेक्स करून पाहावे. नेट लागले, तर दोष बहुधा केबलचा आहे असे समजावे. इंटेलच्या आय२२५-व्ही या २.५ गिगाबिट चिपच्या सुरुवातीच्या खेपांतही जोडणी अधूनमधून तुटण्याचा दोष होता. तेथे हाच पर्याय एक गिगाबिटवर ठेवला की ती स्थिर राहते.

मोहल्ल्यातल्या लहान ब्रॉडबँडवाल्याची तार राउटरशिवाय थेट संगणकात येत असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. असे पुरवठादार जोडणी एका मॅक अ‍ॅड्रेसशी, म्हणजे लॅनच्या चिपच्या ठरलेल्या क्रमांकाशी, बांधून ठेवतात, आणि नव्या बोर्डाचा मॅक वेगळा असतो. रामबागेतल्या आमच्या एका काकूंच्या नातवाने याच कारणासाठी ड्रायव्हर बदलून बदलून शेवटी विंडोजही नव्याने चढवली होती. ‘काकू, संगणक ठीक आहे, नेटवाल्याला फोन लावा,’ एवढे सांगितल्यावर काम झाले. ‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ची जोड दिल्यास ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ दिसतो. तो पुरवठादाराला कळवला की जोडणी सुरू होते. काही ठिकाणी नाव आणि पासवर्ड घालून पीपीपीओईची जोडणी नव्याने बनवावी लागते.

पत्ता बरोबर आहे, मात्र बहुतेक संकेतस्थळे ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, असे असेल तर घड्याळ पाहावे. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरला असेल किंवा बायोस रीसेट केला असेल तर तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग प्रमाणपत्रे चुकीची ठरून विंडोज अपडेटही अडते.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एवढेच, की रिअलटेक आणि इंटेलच्या केबलच्या लॅनचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतात. चिप नवी आणि कर्नल जुना असेल, तर बाहेरून ड्रायव्हर संकलित करण्याआधी नवे कर्नल घालून पाहावे. बाहेरचा ड्रायव्हर घातलाच, तर सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेला ड्रायव्हर लोड होत नाही, हे लक्षात ठेवावे.

एवढे करूनही चिप दिसत नसेल, किंवा योग्य ड्रायव्हर असूनही कोड १० जात नसेल, तर बोर्ड दुकानात नेण्याआधी लिनक्सच्या लाइव्ह (डिस्कवर न चढवता चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून संगणक एकदा सुरू करून पाहावा. तेथेही लॅन सापडले नाही, तर दोष चिपचाच आहे असे दुकानदाराला ठामपणे सांगता येते, आणि ‘विंडोज पुन्हा चढवून पाहा’ हे उत्तर ऐकावे लागत नाही. जाताना सिरियल नंबर लिहिलेले बिल आणि बोर्डाचे मूळ खोके सोबत न्यावे. हमी संपलेली असेल, किंवा पावसाळ्यात गच्चीवरून आलेल्या तारेतून वीज उतरून पोर्ट जळाला असेल, तर त्या एका पोर्टासाठी बोर्ड बदलण्याची गरज नाही : पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारे साधे गिगाबिट कार्ड आणावे, बायोसमधले जळालेले लॅन बंद करावे, आणि नव्या कार्डाचा हार्डवेअर आयडी पाहून त्याचा ड्रायव्हर घालावा.